अवधाण

गुरप्पाने धोतर सावरल्यासारखं करून पुन्हा एकदा जांघेत बोटं दाबली. गोळा होताच. काल चिंचोक्याएवढा लागला होता, आता चांगला लिंबाएवढा झाला होता, आणि नुसता हात लागला तरी कळ थेट डोक्यात जात होती.

“ओ शिपाईदादा!” आडव्या बांबूपलीकडून गाडीवान ओरडला. “बांबू वर करताय, का बैलांस्नी वाकून जायला सांगू?”

गुरप्पाने लंगडत जाऊन बांबू उचलला. गाडी गेली, धूळ खाली बसली, तरी तो बांबूला धरून तसाच उभा राहिला.

मोहोळकडून सोलापुरात येणाऱ्या रस्त्यावर तेव्हा जकातीचा नाका होता. एक कौलारू खोली, एक कडुलिंबाचं झाड आणि रस्त्यावर आडवा टाकलेला हा बांबू. आज तिथून जाणाऱ्याला सांगून खरं वाटायचं नाही, पण त्या काळी गावात येणारं प्रत्येक पोतं, तुपाचा प्रत्येक डबा इथे थांबायचा. बघितल्याशिवाय काही पुढे जात नसे. गुरप्पा तिथला शिपाई. वय पन्नाशीला टेकलेलं, कपाळावर विभूतीचे पट्टे, कोपरावर विरलेला खाकी कोट. कुणाच्या लक्षात राहावा असा तो माणूस नव्हता, आणि ते त्याला बरंच वाटत असे.

नाकेदार कमलाकरपंतांनी खोलीतून डोकं बाहेर काढलं.

“गुरप्पा, अरे अजून इथेच? उद्या नातवाचं बारसं ना तुझ्याकडे? पाय बघ केवढा सुजलाय. जा घरी.”

“जातो की, साहेब. जरा ऊन कलू द्या.”

“काल पण तुझं ऊनच कलत होतं. आणि झोपलास इथेच.”

“पोरगी बाळंतीण हाय, साहेब. घरात जागा न्हाय.”

हे खोटं होतं. शुक्रवार पेठेतल्या त्याच्या घरात जागा होती. मधल्या खोलीत गंगम्मा, त्याची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला आली होती. कुशीत मूठभर लाल पोर होतं. गुरप्पाने त्याला एकदाच मांडीवर घेतलं होतं आणि हातातून निसटेल या भीतीने लगेच परत दिलं होतं. मग वहाणेच्या झिजलेल्या तळातून बाभळीचा काटा आत गेला. काटा त्याने उपसला, पण टोक आत मोडलं. पाय लाल झाला, गरम झाला, ठणकायला लागला. तोवर तो रोज घरी जात होता. जांघेत गोळा हाताला लागला आणि त्याने घराची वाट सोडली.

कारण गोळ्याचा त्याला एकच अर्थ ठाऊक होता.

नाक्यावर यायच्या आधी गुरप्पा प्लेगच्या कामावर शिपाई होता. कुणाच्या घरात उंदीर पडला, कुणाला ताप भरला, कुणाच्या काखेत-जांघेत गाठ आली, हे विचारत पेठांमधून हिंडायचं. तो गल्लीत शिरला की बाया दारं ओढून घेत. त्याच्या तोंडून ‘गाठ’ हा शब्द पडला की ते घर संपलं. वरच्या हुकमाची वाट कुणी बघत नसे. गल्लीच त्या माणसाला गाडीत घालून गावाबाहेर माळावरच्या प्लेगच्या झोपड्यांत पोचवून यायची. आता प्लेग ओसरून गेला होता, लोक ते दिवस विसरायला लागले होते. गुरप्पा विसरला नव्हता. बाळंतिणीच्या खोलीत आपण गाठ घेऊन शिरायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं. मरण यायचं तर या लिंबाखाली येऊ दे.

दुपार कलली तशी मेंढरांची बें-बें आधी आली आणि मागून कळप आला. पुढे कुत्री, मागे खांद्यावर घोंगडी टाकलेला बिरप्पा. वर्षातून एक-दोनदा तो कळप घेऊन या वाटेने यायचा, नाक्याजवळच्या पडीक रानात मुक्काम करायचा, आणि तंबाखूची देवघेव करता करता दोघांची ओळख झाली होती.

“काय गुरप्पादादा, बांबू धरून का हुबा? नाका पळून चाललाय व्हय?” मग त्याची नजर खाली गेली. “आरं तिच्या! पायाला काय झालं? बघू.”

“लांब हो. शिवू नगं मला.”

“का? वाघ बसलाय का पायात?”

गुरप्पाने खोलीकडे पाहिलं. पंत आत होते. तो हलकेच म्हणाला, “जांघंत गाठ आलीया, बिरप्पा. तू जा. तुझी मेंढरं घे अन् जा.”

बिरप्पाने त्याच्याकडे बघितलं, पायाकडे बघितलं आणि तो हसलाच.

“पायात काटा मोडल्यावर जांघंत अवधाण न्हाय येनार तर काय येनार? खुळा का काय तू?”

“काय म्हणलास?”

“खुळा म्हणलो.”

“त्ये न्हवं. त्येच्या आधी.”

“अवधाण. अवधाण आलंय म्हणलो.” बिरप्पा खाली बसला आणि त्याने गुरप्पाचा पाय सरळ आपल्या मांडीवर ओढून घेतला. “हे बघ, रातीला माझी मेंढरं बसली की भवतीनं कुत्री आसत्यात. खालच्या अंगानं लांडगा आला, की कुत्री त्येला तितंच धरत्यात. लई धुमाळी हुती, माती उडती. पर लांडगा मेंढरांपतुर जात न्हाय. तुझ्या पायात इख हाय, ते वर चाललंय. जांघंतल्या कुत्र्यानं त्येला धरलंय, म्हणून ते फुगलंय. आन् तू त्या कुत्र्यालाच भितोस!”

बोलता बोलता त्याने नाक्यावरच्या चुलीतली तापलेली वीट काढून आणली, घोंगडीच्या काठाची एक पट्टी फाडली आणि वीट गुंडाळून शेकायला सुरुवात केली. “पायातलं फुटंल बघ. मग गोळा आपसूक बसंल.”

शेक चांगला लागत होता. पण गुरप्पा काही ऐकत नव्हता. त्या एका शब्दापाशी तो थांबला होता.

हा शब्द त्याने आयुष्यात एकाच माणसाच्या तोंडून ऐकला होता.

प्लेगच्या त्या हिवाळ्यात गावात उंदीर पडत होते. एका पेठेच्या मागच्या अंगाला धनगरांची काही घरं होती. तिथल्या चिमाबाई नावाच्या बाईने त्याला गल्लीच्या तोंडाशी अडवलं होतं. “शिपाईबाबा, त्या आतल्या घरातल्या बाईच्या काखंत गोळा आलाय. तापबी हाय. घरात एकलीच हाय. आमची ल्हानी लेकरं हायती, काय ते बघा.” सगळी गल्ली तिच्यामागे उभी होती. पुढे यायला कुणी तयार नव्हतं. गुरप्पा एकटाच आत गेला आणि उंबऱ्याबाहेर थांबला.

लोकरीच्या ढिगाला टेकून एक तरणी बाई बसली होती. बोटाला हळदीची चिंधी, तोंड तापाने लाल.

“ताप हाय?” त्याने विचारलं.

“हाय, दादा.”

“काखंत गाठ?”

“गाठ न्हाय. अवधाण हाय.”

“काय?”

“अवधाण, दादा. अवधाण आलंय.” तिने चिंधीचं बोट त्याच्यासमोर धरलं. तो मागे सरला.

गुरप्पा अक्कलकोटकडच्या खेड्यातला. घरात कानडी, आणि मराठी जी काही आली ती कचेरीत. ‘अवधान’ त्याला माहीत होतं ते मठातलं. स्वामी पुराणाला बसले की हात वर करून आधी म्हणत, ‘अवधान असू द्या.’ त्याला वाटलं, बाई पुराणातलं काही बरळते आहे. ताप डोक्यात चढला की माणसं अशीच बोलतात, हे त्याने पाहिलं होतं. एक म्हातारा तर शेवटपर्यंत आपल्या बैलांना हाका मारत होता.

तो गल्लीच्या तोंडाशी परत आला.

“काय म्हणतीया?” लोकांनी विचारलं.

“काय न्हाय. वातात बोलतीया. गाठच हाय.”

एवढंच तो बोलला. गाडी आली तोवर गल्लीतली दारं लागली होती. गाडीत चढतानाही ती तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. जितकं म्हणत होती, तितकं गुरप्पाला आपलंच खरं वाटत होतं.

पुढे कामासाठी तो माळावर गेला, तेव्हा ती झोपडीसमोर भाकरी भाजत बसली होती. बोटाची चिंधी सुटलेली, तोंड टवटवीत. त्याला पाहून उठली. “बसलं बघा, दादा. आता जाऊ का घरला?” तो म्हणाला होता, “हितनं लगेच जाता येत न्हाय.” शेजारच्या झोपडीत खरा प्लेग होता. त्यानंतरच्या खेपेला दोन्ही झोपड्या रिकाम्या होत्या.

“कुटं ध्यान हाय तुझं?” बिरप्पाने वीट उलटी केली. “आमच्या धनगराच्या बायास्नी हे लई. लोकर कातरताना कातर लागती, बोट पिकतं, की आलंच काखंत अवधाण. माझ्या बायकूला, मायाक्काला, तर दर साली.” त्याने विटेवरची पट्टी घट्ट केली. “ती बी गेली न्हवं प्लेगात. म्या नातेपुत्याकडं मेंढरं घिऊन गेल्तो. आलो तर घराला कुलूप. गाठ आल्ती म्हणं. कोन शिपाई आल्ता, त्यो म्हणला म्हणं, गाठ हाय.”

गुरप्पाने पाय ओढून घेतला.

“भाजलं व्हय?”

“व्हय,” गुरप्पा म्हणाला. “भाजलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाकरपंतांनीच त्याला गावात जाणाऱ्या एका गाडीत बसवून दवाखान्यात धाडलं. डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. त्यांनी तळवा जरासा चिरला. पू वाहिला, त्याबरोबर काट्याचं काळं टोक बाहेर आलं.

“ही नुसती घाण समजू नकोस,” पाय पुसता पुसता ते म्हणाले. “काट्याबरोबर जंतू आत गेले. त्यांच्याशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून आल्या. रक्त तिकडे जास्त लोटलं, म्हणून पाय लाल नि गरम. लढता लढता ज्या मेल्या, त्यांचा हा पू. आणि जे जंतू तिथून निसटले, त्यांना अडवायला वर जांघेत गाठी असतात. तू नाक्यावर आहेस ना? तसाच नाका. माल अडकला की गर्दी व्हायचीच.”

“अन् हाताला लागलं तर, साहेब?”

“हाताचा नाका काखेत.”

“ताप येतो?”

“येतो की. तापही त्यातलाच.”

गुरप्पाने पट्टीकडे बघत विचारलं, “माणूस बडबडतो का हो? वातात?”

“एवढ्याशा दुखण्यात? छे. शुद्धीवर असतो. धड बोलतो.”

“धडच बोलत व्हती,” गुरप्पा म्हणाला.

डॉक्टरांनी ते ऐकलं नाही. त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली होती.

घरी पोचला तेव्हा दारात रांगोळी होती, आत बायकांचा गलबला होता. त्याच्या बायकोने, दानम्माने, त्याला पाहिलं आणि कानडीतून तोंडाचा पट्टा सोडला. “आलात का! बारशाच्या दिवशी तरी आठवण झाली घराची! पाय पिकला म्हणून कुणी घर सोडतं का? मला काय वाटलं असेल, पोरीला काय वाटलं असेल?”

“जांघंत आलं होतं,” तो म्हणाला. “भ्यालो.”

“गंटु?” दानम्मा थक्क होऊन बघत राहिली. “अहो, गंटु आला म्हणून भ्यालात? लहानपणी काटे काय कमी मोडलेत तुमच्या पायात? अत्ती, तुमच्या आई, मला सांगायच्या, किती वेळा तुमचा गंटु शेकला म्हणून!”

गुरप्पा भिंतीला टेकून बसला. खरंच होतं. आई चुलीपुढे त्याचा पाय मांडीवर घेऊन बसायची, गरम राखेची पुरचुंडी जांघेत दाबायची आणि म्हणायची, ‘गंटु आला, आता भ्यायचं नाही.’ म्हणजे हे त्याला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. फक्त या नावाने ठाऊक नव्हतं. मायाक्का ज्याला अवधाण म्हणत होती, त्याला त्याची आई गंटु म्हणत होती, आणि मध्ये प्लेगची नोकरी येऊन बसली होती. त्या दारात तो एवढंच म्हणाला असता, की बाई, अवधाण म्हणजे काय? तिने बोट दाखवलं असतं, काख दाखवली असती, आणि त्याच्या तोंडून आपसूक निघालं असतं, अगं, गंटु होय!

गंगम्माने पोर आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. “अप्पा, धरा नीट. पळून नका जाऊ पुन्हा.” बायका हसल्या. पोराने त्याचं बोट मुठीत घट्ट धरलं. गुरप्पाने ते सोडवून घेतलं नाही, पण पाळणा चालू झाला तेव्हा पोराचं नाव काय ठेवलं, हे त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

पाय जमिनीवर टेकायला लागला तसा तो आधी बिरप्पाच्या मुक्कामावर गेला. वीट गुंडाळलेली घोंगडीची ती पट्टी त्याच्याबरोबर घरी आली होती, ती दानम्माने धुऊन वाळवली होती. तिची घडी त्याने कोटाच्या खिशात घातली होती. पट्टी परत द्यायची, एवढंच निमित्त. वाटेत त्याने दोनदा ठरवलं की नुसती पट्टी देऊन परत यायचं. बिरप्पाला माहीत नाही. माहीत होण्यासारखं काही उरलेलंही नाही. एका चांगल्या माणसाची ओळख आहे, ती राहील. वर्षाला कळप येईल, लिंबाखाली तंबाखू मळली जाईल.

बिरप्पा रानात मेंढी आडवी पाडून लोकर कातरत होता. गुडघ्याखाली मेंढी निमूट पडली होती.

“ये, ये! बसला का गोळा?”

“बसला.”

“म्या म्हणलोच व्हतो. बस की. का हुबा?”

गुरप्पा बसला नाही.

“बिरप्पा,” तो म्हणाला, “तुझी मायाक्का. त्या दिवशी तिच्या दारात मी गेल्तो.”

कातर चालू राहिली. लोकरीचा एक पापुद्रा सुटून बाजूला पडला.

“ती अवधाण म्हणली. मला त्यो शबुद ठावं नव्हता. मला वाटलं, वातात बोलतीया. लोकांनी इचारलं तवा गाठ हाय म्हणून मीच सांगितलं.”

कातर थांबली. बिरप्पाचा गुडघा सैल झाला असावा, कारण मेंढी धडपडून उठली आणि अर्ध्या अंगाने उघडी, अर्ध्या अंगावर लोकर लोंबत, जाऊन थोड्या अंतरावर उभी राहिली. त्याने तिला धरलं नाही. कुत्र्याने मान वर करून एकदा दोघांकडे पाहिलं.

गुरप्पा वाट बघत होता. शिव्या येतील, कातर अंगावर येईल, काहीतरी येईल. आलं असतं तर त्याला हलकं वाटलं असतं.

“इचारायचं व्हतं की,” बिरप्पा म्हणाला.

आवाज चढलेला नव्हता. तो जमिनीकडे बघत होता. खाली पडलेली लोकर त्याने उगीचच गोळा केली आणि पुन्हा सोडून दिली.

“अवधाण म्हंजी काय गं बाई, येवढंच इचारायचं. तिनं सांगितलं आसतं. बोलायची लई हौस व्हती तिला.”

गुरप्पाने खिशातली पट्टी काढली आणि लोकरीच्या ढिगाशेजारी ठेवली. तो वळला आणि लंगडत चालायला लागला.

“ए,” मागून हाक आली. दादा नव्हे, गुरप्पा नव्हे, नुसतं ए. “ती पट्टी घिऊन जा. जखम वली हाय अजून. माती लागू दिऊ नगं.”

गुरप्पा परत आला. वाकून त्याने पट्टी उचलली. तिथेच खाली बसून बांधून घ्यावी अशी पायाची स्थिती होती, पण बिरप्पासमोर त्याला बसवेना. तो तसाच नाक्यापर्यंत गेला, लिंबाखाली टेकला आणि पायाला पट्टी गुंडाळायला लागला. घोंगडी खरखरीत होती आणि उन्हाने ऊबदार झाली होती.

गाठ मारून त्याने मान वर केली, तेव्हा दूर रानात बिरप्पा अजून तसाच बसलेला दिसला. हातात कातर होती. ती अर्धी कातरलेली मेंढी त्याच्याजवळ येऊन उभी होती, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता.